खलाशाच्या भेटपेटीची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

गावातील एका जुन्या घराच्या सामानविक्रीतून शिंपल्यांची एक अष्टकोनी पेटी आज घरी आणली. इथे, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, अशा पेटीला 'सेलर्स व्हॅलेंटाइन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात, साधारण १८३० ते १८९० या काळात, दूरच्या सफरीवरून परतणारे खलाशी आई, पत्नी, बहीण किंवा वाग्दत्त वधू यांच्यासाठी या पेट्या आणत असत. लाकडी चौकट, वर काच आणि काचेखाली शेकडो बारीक शिंपल्यांची भौमितिक मांडणी अशी तिची रचना असते. पुष्कळदा दोन अष्टकोन बिजागरीने जोडलेले असतात आणि पेटी पुस्तकासारखी मिटते.

माझ्याकडे आलेला हा एकच अर्धा भाग आहे. डाव्या कडेवर बिजागरीच्या स्क्रूंची चार छिद्रे असल्याने दुसरा अर्धा कधीतरी होता, हे निश्चित आहे. काच आडवी तडकलेली आहे, चौकटीची एक बाजू सुटून लोंबते आहे आणि पेटी हलवली की आत सुट्या शिंपल्यांचा खळखळाट होतो. तो आवाज ऐकल्यावर ती पुन्हा हलवण्याचे धैर्य झाले नाही. मोटारीत ती मांडीवर आडवी धरून आणली.

१४ ऑक्टोबर

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी सर्व मापे आणि छायाचित्रे घेतली. समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर २४ सेंटिमीटर, प्रत्येक बाजू जवळपास १० सेंटिमीटर आणि खोली साडेचार सेंटिमीटर आहे. मध्यभागी होकायंत्राच्या आठ टोकांचा तारा, त्याभोवती अक्षरांचे कडे आणि बाहेर आठ कप्पे असून प्रत्येक कप्प्यात एकेक फूल आहे. कप्प्यांच्या भिंती पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्यांच्या आहेत. अक्षरे इंग्रजी असून त्यांचा अर्थ 'मला विसरू नकोस' असा होतो. हे वाक्य या पेट्यांवर वारंवार आढळते. 'घरी परत', 'बार्बाडोसची भेट' अशी इतर वाक्येही असतात.

या पेटीवरील वाक्याचे पहिले दोन शब्द ऐसपैस बसवलेले आहेत आणि शेवटचा शब्द अक्षरशः कोंबलेला आहे. जागेचा अंदाज चुकला, तोवर निम्मे कडे चिकटून गेले होते आणि मग उरल्या जागेत शेवटची तीन अक्षरे दाटीवाटीने लावावी लागली, असे स्पष्ट दिसते. ही पेटी मला त्याच क्षणी आपलीशी वाटली.

२० ऑक्टोबर

लाकूड तपासले. रंग तांबूस-तपकिरी, वजनाला हलके, आणि आतील बाजूस कानशीने किंचित घासताच गोडसर तिखट वास आला. हे स्पॅनिश सीडर असावे. नावात सीडर असले तरी हा देवदार नव्हे. हे झाड कडुनिंब आणि महोगनी यांच्या कुळातील आहे, आपल्याकडील तूण हा त्याचा जवळचा नातेवाईक आहे आणि कीड लागत नसल्याने सिगारच्या पेट्या याच लाकडाच्या करतात. वेस्ट इंडीजमध्ये ते मुबलक मिळत असे. भेटपेट्यांच्या चौकटी बहुधा याच लाकडाच्या किंवा महोगनीच्या असतात.

सुटलेला सांधा कसा सुटला, हेही समजले. अष्टकोनाचे आतील कोन १३५ अंशांचे असल्यामुळे प्रत्येक तुकड्याचे टोक साडेबावीस अंशांत कापावे लागते, आणि अशा सांध्यात लाकडाची टोके टोकांना भिडतात. तिथे सरस नीट धरत नाही. इथल्या हिवाळ्यात घरे तापवल्यामुळे हवा अतिशय कोरडी होते, लाकूड आकसते आणि सांधा उघडतो. दीडशे हिवाळ्यांनी ते काम केले आहे.

२ नोव्हेंबर

तुलनेसाठी बोटीने नॅन्टकेट बेटावर जाऊन आले. एके काळी व्हेलच्या शिकारीची राजधानी असलेल्या या बेटावरील व्हेलिंग म्युझियममध्ये अशा पेट्या आहेत. काचेपाशी नाक नेऊन दोन तास उभी राहिले.

या पेट्या खलाशांनी स्वतः, लांबच्या प्रवासातील रिकाम्या वेळात, जहाजावर बसून केल्या, असे फार काळ मानले जात होते. हा समज अगदीच निराधार नव्हता, कारण व्हेलच्या शिकारीवर गेलेले खलाशी व्हेलच्या दातांवर आणि हाडांवर कोरीवकाम खरोखरच करत, आणि तसे असंख्य नमुने याच संग्रहालयात मांडलेले आहेत. जो माणूस दात कोरून आपल्या बायकोसाठी वस्तू घडवतो, त्याने शिंपलेही चिकटवले असतील, असे वाटणे साहजिक होते. परंतु दात खिशात ठेवता येतो, हातातले काम केव्हाही सोडून शिडावर चढता येते. तांदळाच्या दाण्याएवढे हजारभर शिंपले रंगानुसार निवडून ओल्या सरसावर ओळीने बसवायचे, तर टेबल स्थिर हवे आणि दिवसचे दिवस कोणी हलवणार नाही अशी जागा हवी.

शिवाय दूरदूरच्या गावांत सापडलेल्या पेट्यांचे नमुने एकमेकांशी विलक्षण जुळतात. जुडिथ कूलिज ह्यूज या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने १९६१ मध्ये लेख लिहून या पेट्यांचा माग बार्बाडोसपर्यंत नेला. शिंपल्यांच्या जाती वेस्ट इंडीजच्या समुद्रातल्या होत्या आणि एका पेटीच्या अस्तराआड बार्बाडोसच्या वर्तमानपत्राचे तुकडे निघाले होते. काही पेट्यांच्या मागे तर दुकानाचे लेबलच आहे. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन, तिथल्या मॅकग्रेगर स्ट्रीटवरील 'न्यू क्युरिऑसिटी शॉप' हे ते दुकान. ते बी. एच. बेलग्रेव्ह आणि त्यांचे बंधू चालवत आणि समुद्रातील नमुने व स्थानिक हस्तकलेच्या वस्तू विकत.

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या रांगेतील सर्वांत पूर्वेकडचे बेट आहे. अटलांटिक ओलांडून व्यापारी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांना ते आधी लागे, आणि परतीच्या वाटेवर तिथे पाणी व रसद भरून घेता येई. घर जवळ आले की भेटवस्तूची आठवण होणे हे सर्व बंदरांत सारखेच असते.

३ नोव्हेंबर

कालच्या विषयावर आणखी लिहायला हवे, कारण पुढील सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

पेटी खलाशाने केलेली नाही, विकत घेतलेली आहे, हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. विक्रीच्या ठिकाणी मला पेटी दाखवणाऱ्या गृहस्थांनाही ते सांगितल्यावर वाईट वाटले. मला तसे वाटत नाही. माझे बाबा मालवाहू बोटीवर होते. ते एकदा रामेश्वरहून शिंपल्यांच्या चौकटीचा आरसा घेऊन वेंगुर्ल्याला आले. तो विकत आणलेला आहे, हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होते, कारण मागे रामेश्वरच्या दुकानाचा शिक्का होता. तिने तो आरसा तीस वर्षे देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर ठेवला आणि दर दसऱ्याला स्वतःच्या हाताने पुसला. आम्हा भावंडांना त्याला हात लावण्याची परवानगी नव्हती.

मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. खलाशाचे प्रेम सर्वांच्या लक्षात राहिले, दुकानदाराचे नाव लेबलावर राहिले, आणि ज्या हातांनी हे काम केले, ते हात कोणाच्याच नोंदीत नाहीत. अभ्यासकांच्या मते हे काम ब्रिजटाउन परिसरातील स्थानिक स्त्रिया करत असाव्यात. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांतील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि सक्तीच्या उमेदवारीचा, म्हणजे जुन्या मालकाकडेच बांधून राबण्याचा, काळ संपून खरी मुक्तता १ ऑगस्ट १८३८ रोजी झाली. म्हणजे या पेट्यांचा काळ आणि उसाच्या मळ्यांतून सुटलेल्या माणसांच्या पहिल्या मोकळ्या पिढ्यांचा काळ एकच आहे. ज्यांनी इतरांच्या विरहासाठी 'मला विसरू नकोस' असे शिंपल्यांत लिहिले, त्यांचीच आठवण कोणी ठेवली नाही. म्हणून या दुरुस्तीत पेटी करणाऱ्या स्त्रीच्या हाताची जी खूण दिसेल, ती मी पुसणार नाही. कोंबलेली अक्षरेही आहेत तशीच राहतील.

१६ नोव्हेंबर

काच उतरवली. आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, आणि खालच्या तीन कप्प्यांतील शिंपल्यांवर पांढरी भुरी दिसली. पहिल्या क्षणी बुरशी वाटली, पण भिंगाखाली ते बारीक स्फटिक निघाले.

शिंपल्यांच्या संग्राहकांना हा रोग चांगला परिचित आहे. लॉफ्टस सेंट जॉर्ज बायन या इंग्रज अभ्यासकाने १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला 'बायनचा रोग' म्हणतात. त्यांनी त्याचे खापर जिवाणूंवर फोडले होते, पण हा रोग नसून रासायनिक क्रिया आहे. लाकडातून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ सतत बाहेर पडत असते. बंद पेटीत ती कोंडली जाते, हवेतील ओलाव्याच्या मदतीने शिंपल्यातील कॅल्शियम कार्बोनेटवर चढते आणि त्याचे क्षार तयार होतात. पृष्ठभाग खडूसारखा होतो. गेलेली झिलई कोणत्याही उपायाने परत येत नाही.

थोडक्यात, ज्या सुगंधी लाकडाने या पेटीला कीड लागू दिली नाही, तेच आतल्या शिंपल्यांना हळूहळू खात आहे. चौकट बदलली तर शिंपले वाचतील, पण मग ती ही पेटी राहणार नाही. चौकट ठेवायची, वाफ कमी करायची आणि काच हवाबंद बसवायची नाही, असे ठरवले.

२४ नोव्हेंबर

संपूर्ण दिवस मोजणीत गेला. प्रत्येक शिंपला सरसात आपला ठसा सोडतो, त्यामुळे निघालेल्यांच्या जागाही मोजता येतात. एकूण जागा १,१२६ आहेत. त्यांपैकी ९३१ शिंपले जागेवर आहेत आणि १९५ जागा रिकाम्या आहेत. पेटीच्या तळाशी १५२ अखंड शिंपले आणि २३ तुकडे मिळाले.

पाकळ्यांसाठी पातळ गुलाबी शिंपल्या आहेत, वरून जवळपास पांढऱ्या झालेल्या, पण एकीवर दुसरी चढलेल्या ठिकाणी अजून ताज्या गुलाबी. अक्षरे तांदळासारख्या लहान शंखांची आहेत. ताऱ्याच्या टोकांवर माथ्याला छिद्र असलेल्या टोपीसारख्या शिंपल्या आहेत, आणि दोन कप्प्यांत फिकट जांभळे शंख आहेत. हा जांभळा शंख समुद्रात बुडबुड्यांचा तराफा करून त्याखाली लटकत आयुष्य काढतो आणि वादळानंतरच किनाऱ्याला लागतो, त्यामुळे तो वेचणाऱ्या व्यक्तीला योग्य सकाळ साधावी लागली असणार.

प्रत्येक फुलाच्या मध्यभागी एकेक गुंज आहे! लाल अंग, काळा डोळा, आजही सोनाराच्या डबीतून नुकतीच काढावी तशी चकचकीत. आठांपैकी सहा जागेवर आहेत. आजी सांगे की आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. ज्या बीने आमच्याकडे सोने तोलले, ते बार्बाडोसमध्ये फुलाचा परागकोश झाले. सहांपैकी एक तडकलेली आहे. गुंजेचे टणक कवच फुटले की आतील विष अत्यंत घातक असते, म्हणून ती हातमोजे घालून हाताळली आणि कामाची खोली कुलूपबंद ठेवली.

१ डिसेंबर

आज एक गोष्ट लक्षात आली आणि दिवसभर दुसरे काही केले नाही.

फुलाच्या पाकळ्या एकीवर एक चढवत लावल्या जातात, त्यामुळे त्या कोणत्या दिशेने लावल्या, हे कायमचे टिकून राहते. पाच कप्प्यांतील फुलांच्या पाकळ्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चढलेल्या आहेत आणि तीन कप्प्यांतील विरुद्ध दिशेने. पाच फुलांत प्रत्येकी बारा पाकळ्या आहेत. उलट्या दिशेच्या तीन फुलांत मात्र अकरा, कारण त्या किंचित अधिक अंतरावर बसवल्या आहेत. सरसाचा थरही तिथे जाड आहे. एकाच व्यक्तीने सवय बदलली, असेही होऊ शकते. मात्र दिशा, संख्या आणि सरस या तिन्ही गोष्टी एकत्र बदलतात, तेव्हा दोन माणसे एकाच टेबलाशी बसून एकच पेटी भरत होती, असे मानणे मला अधिक पटते, आणि त्यांतील एक डावखुरी असावी.

अस्तराच्या सुटलेल्या कडेखाली पेन्सिलच्या रेषा आणि मध्यबिंदूवर कंपासच्या टोकाचे छिद्र आहे. एक विभाजक रेषा खोडून दोन मिलिमीटर बाजूला पुन्हा ओढलेली आहे. त्या सर्व रेषांची छायाचित्रे काढून ठेवली.

१५ डिसेंबर

स्वच्छतेचे काम सुरू केले. जागेवरच्या शिंपल्यांवरील काजळी आणि धूळ मऊ कुंचल्याने, आणि जिथे ती चिकटली होती तिथे काडीवरील कापूस थुंकीने जेमतेम ओलावून काढली. हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु वस्तुसंवर्धनातील ही मान्य पद्धत आहे, कारण लाळेतील विकरे चिकट मळ सैल करतात. नंतर तीच जागा ऊर्ध्वपातित पाण्याने पुसली. मूळ सरस पाण्याने विरघळतो, म्हणून कापूस प्रत्येक वेळी टिपकागदावर दाबून घ्यावा लागला. सुट्या शिंपल्यांपैकी भुरी आलेले तेवढे पाण्यात धुऊन पूर्ण वाळवले. क्षार पाण्यात विरघळून गेले. खाली उरलेला पृष्ठभाग खडबडीत आहे आणि तसाच राहील.

५ जानेवारी २०२५

दादाशी फोनवर बोलणे झाले. रिकाम्या जागांसाठी वेंगुर्ल्याहून शिंपले पाठवतो, म्हणाला. "तांदळासारखे बारीक शंख आपल्या पुळणीवर हवे तेवढे मिळतील, पोरांना सांगितले तर एका सकाळीत डबा भरतील." त्याचे म्हणणे खरे आहे. लहानपणी आम्ही तिसऱ्या आणि खुबे वेचायला ओहोटीला जात असू, तेव्हा हे बारीक शंख पायांना टोचत. बार्बाडोसही उष्ण कटिबंधातलेच, वेंगुर्ल्याहून तीनेक अंश दक्षिणेला. लांबून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही.

नेमक्या त्याच कारणाने मी नको म्हटले. न कळणारी भर घातली, तर पुढे कोणी जाती तपासून या पेटीचा ठावठिकाणा शोधू पाहील, तेव्हा मी त्याची दिशाभूल केलेली असेल. ह्यूजबाईंना बार्बाडोसपर्यंत जाता आले, ते शिंपले मूळचे होते म्हणूनच. दादाला थोडे वाईट वाटले. त्याला म्हटले, "आईच्या आरशाचे चार शंख पडले आहेत ना, ते तू तळातल्या डबीतून काढून चिकटव. ते आईने जपून ठेवले होते."

१८ जानेवारी ते ९ फेब्रुवारी

सुटे शिंपले जागेवर बसवण्याचे काम. चिकटवण्यासाठी ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी-७२ हा पारदर्शक ॲक्रिलिक चिकटपदार्थ वापरला. तो वर्षानुवर्षे पिवळा पडत नाही आणि पुढे कोणाला काढावासा वाटला, तर ॲसिटोननेच निघतो. सुटलेले कागदी अस्तर मात्र गव्हाच्या खळीने चिकटवले.

प्रत्येक शिंपला रिकाम्या ठशावर धरून पाहायचा, आकार जुळला नाही तर पुढच्या ठशाकडे जायचे, अशी ही पद्धत आहे. पहिल्या संध्याकाळी सहा जुळले. नंतर नजर तयार झाली आणि एका रविवारी एकोणीस बसले. ठसा नेमका सापडला की शिंपला किंचित खाली उतरतो आणि हलायचा थांबतो, आणि बोटाला ते डोळ्यांआधी कळते.

२ मार्च

चौकटीचा सुटलेला सांधा प्राणिज सरसानेच जोडला, कारण मूळ सांधे त्याचेच आहेत आणि तो गरम पाण्याने सोडवता येतो. आठही बाजूंना एकदम दाब मिळावा म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी करून चौकटीभोवती आवळली. जुनी काच दोन तुकड्यांत असल्याने वापरता आली नाही. ती कागदात गुंडाळून ठेवली. नव्या काचेच्या कडेला चार ठिकाणी कागदाच्या बारीक घड्या ठेवून हवा खेळती राहील अशी फट सोडली आणि तळाशी, अस्तराच्या मागे, वाफ शोषून घेणारे सक्रिय कोळशाचे कापड घातले. ते दरवर्षी बदलावे लागेल.

१६ मार्च

पेटी उत्तरेकडील खोलीत, उन्हापासून दूर, मांडणीवर आडवी ठेवली आहे. भिंतीवर उभी लावली असती तर अधिक शोभली असती, पण वजन पुन्हा सरसावर आले असते. खोलीतील आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखायची आहे. त्यासाठी शेजारी आर्द्रतामापक ठेवला असून आजचे वाचन ४७ आहे.

१५२ सुट्या शिंपल्यांपैकी १४३ आपापल्या जागी परत गेले. ५२ जागा आणि दोन गुंजांच्या खळग्या रिकाम्या आहेत, आणि तिथे मूळ सरसाचे तपकिरी ठसे काचेतून दिसतात. नऊ शिंपल्यांना जागा सापडली नाही. ते बहुधा हरवलेल्या दुसऱ्या अर्ध्या भागातून, पेटी मिटलेली असताना आणि काच फुटल्यावर, इकडे सांडले असावेत, कारण त्यांतील चार शिंपल्यांची जात या अर्ध्यात कुठेच नाही. ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून, वर तारीख आणि हे कारण लिहून, पाकीट पेटीच्या पाठीला बांधले आहे. दुसरा अर्धा कधी कोणाला सापडला, तर त्याला ते लागतील.